चढणारं विमान, उतरणारा आकडा

"ताई, बघ, परत उतरायला लागलं!" मोबाईलवर डोळे रोखून धम्मपाल ओरडला.

"उतरतंय कुठे? ते तर वर चढतंय!" विशाखा आकाशाकडे बघत म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत उधना या मिलवस्तीतल्या घराच्या गच्चीवर या भावंडांचा आणि शेजारच्या योगिताचा हाच खेळ चालू होता. पार पलसाणा गावापर्यंतच्या कापडमिल बंद, धुराडी शांत, त्यामुळे आकाश स्वच्छ! वरून जाणारं विमान किती उंचीवर आहे, ते मोबाईलच्या नकाशावर दिसायचं. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेची दोन छोटी विमानं रोज घिरट्या घालत. दोन्ही अगदी सारखी, फक्त एकाच्या शेपटीवर लाल पट्टा होता.

"लाल पट्टेवालं पावणेतीन हजार फुटांपर्यंत नीट चढतं," योगिता म्हणाली, "मग आकडा उलटा फिरतो. आता बघ, दोन हजार!"

"मोबाईलच बिघडलाय," धम्मपाल म्हणाला.

"मग दुसऱ्या विमानाचा आकडा का नाही चुकत?"

विशाखाने कंपासपेटीतली पट्टी काढली आणि हात लांब करून, डोक्यावर आलेल्या त्याच विमानाच्या पंखांवर धरली. जेमतेम सहा मिलिमीटर! थोड्या वेळाने दुसरं विमान डोक्यावर आलं. तेही दोन हजारच दाखवत होतं, पण त्याचे पंख पूर्ण एक सेंटिमीटर भरले.

"म्हणजे लाल पट्टेवालं खूप वर आहे," ती हळूच म्हणाली.

"आणि तिथेच दुसरं विमान आलं तर?" योगिताचा आवाज उतरला. "खालून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलवाल्यांना वाटेल, दोघांमध्ये भरपूर अंतर आहे."

विशाखा धावत जाऊन बाबांना गच्चीवर घेऊन आली.

विशाखाचे बाबा भिवा सचिन गावच्या मिलमध्ये कामाला होते. त्यांनाही सुट्टी होती. त्यांनी सगळं ऐकलं, स्वतः पट्टी धरून पाहिली आणि मुलांना घेऊन थेट त्या विमानशाळेची धावपट्टी गाठली.

तिथले गुजराती इंजिनिअर किरणभाई सगळं ऐकून हसले. "विमानाची उंची खाली कळवणारा ट्रान्सपॉन्डर ना? कालच तपासलाय. ओके छे! मोबाईलवर गेम रमो, खेळत बसा, बेटा!"

विशाखाचे कान लाल झाले. आपलंच चुकत असेल तर? पण चुकत नसेल तर?

"काका, तुम्ही तो कुठे तपासलात?"

"कुठे म्हणजे? इथेच, जमिनीवर!"

"पण जमिनीवर तो चुकतच नाही! पावणेतीन हजारांच्या वर गेल्यावरच चुकतो."

किरणभाईंचं हसू मावळलं. विद्यार्थ्याला घेऊन त्याच विमानाकडे निघालेल्या, तिथल्या शिक्षिका-पायलट कविता मॅडम जागीच थांबल्या. "हे उड्डाण रद्द. किरणभाई, वरपर्यंत तपासा."

किरणभाईंनी विमानाच्या उंची मोजणाऱ्या नळीला पंप जोडला. उंचावर हवा विरळ असते; म्हणून नळीतली हवा ओढली, की जागेवर उभ्या विमानालाही आपण वर चाललोय असं वाटतं! पायलटसमोरचा उंचीचा काटा चढत राहिला. ट्रान्सपॉन्डर पाठवत असलेला आकडाही चढला, पावणेतीन हजारांपाशी अडखळला आणि सरळ खाली यायला लागला!

"अरे बाप रे!" योगिता म्हणाली.

किरणभाई आत वाकले. बारीक वायरींच्या जुडग्यातली, पावणेतीन हजार फुटांनंतरच कामाला लागणारी एक वायर टोकाशी सुटली होती. ती त्यांनी सगळ्यांना दाखवली. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी अर्धंच तपासलं."

वायर जोडून पुन्हा सगळी तपासणी झाल्यावर कविता मॅडम एकट्याच विमान घेऊन वर गेल्या. किरणभाईंनी रेडिओ हातात घेतला आणि धम्मपालला मोबाईलवरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितला.

"अडीच हजार... पावणेतीन..." धम्मपालने श्वास रोखला. "तीन हजार! साडेतीन!"

रेडिओ खरखरला. "माझ्याही समोर साडेतीनच आहेत. शाब्बास, मुलांनो! आज मी निर्धास्त उडतेय, ते तुमच्यामुळे!"

धम्मपाल आणि योगिता नाचायला लागले. विशाखा मात्र आकाशाकडे बघत तशीच उभी होती. विमानाचा तो इवलासा ठिपका वळून धावपट्टीकडे निघाला, तेव्हा कुठे तिने हात हलवला. भिवांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.