रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार

ही घटना खरी आहे. पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं. माझी मावसबहीण सुष्मिता आजही कोल्हापुरात आहे.

ऑगस्ट १९९८. बुधवारची दुपार. मंगळवार पेठेतलं एक जुनं नाट्यगृह.

सुष्मिता लहानपणापासून बंगळूरला मामाकडे होती. तिथं ती बॅले शिकली, पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा तो परदेशी नाच. नाव कमावलं, आणि ऐन पंचविशीत गुडघा गेला. घरी परतली तेव्हा तिची आई, शांतादेवीमावशी, सगळ्यांना सांगायची, पोरगी सुट्टीला आलीय. ती सुट्टी दोन वर्षं चालली.

मग एका संगीत नाटकात तिला काम मिळालं. गळा बरा होता, मेहनत मात्र राक्षसी. रविवारी पहिला प्रयोग. हे हुकलं तर पुन्हा रंगमंच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी तालमीला दोघंच होते. ती आणि ऑर्गनवाले जोतीरामकाका.

पद संपलं. बॅलेत सराव संपला की समोर वाकून निरोप घेतात. सवयीनं तिनं एक पाय मागं घेतला, हात पसरले, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढं वाकली.

काकांचे हात थबकले.

"आगं, काय केलंस हे? मोकळ्या खुर्च्यांस्नी वाकायचं न्हाय! कुनाला तरी बसा म्हटल्यागत होतंय की."

"सवय हाय हो काका," ती हसली.

आणि मागच्या रांगेतून...

टाळी.

एकाच माणसाची. सावकाश.

"कोन हाय रं तिकडं?" काका ओरडले.

दाराला आतून कडी होती, त्यांनीच घातलेली.

मग एका बाईचा आवाज आला. अगदी मायेचा...

"वन्स मोअर."

वन्स मोअर आला की पद पुन्हा म्हणायचं, हा संगीत नाटकाचा रिवाज. सुष्मिताला पळायचं होतं. पण तोंड आपोआप उघडलं. पद पुन्हा झालं.

"वन्स मोअर."

पुन्हा. आणि पुन्हा. काकांनी तिच्या तोंडावर हात दाबला. तरी ती गातच होती. ओढत रस्त्यावर आणली, तेव्हा कुठं गप्प झाली.

रविवारी मावशीनं फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. "जाऊ नगंस बाळ."

"आज न्हाय गेले तर परत कोन बोलावनार मला, अव्वा?"

ती गेली. नाट्यगृह हाउसफुल्ल. पहिल्याच पदाला टाळ्यांचा कडकडाट झाला. वन्स मोअर मात्र कुणीच दिला नव्हता...

सुष्मितानं मान तिरकी करून काहीतरी ऐकलं. तेच पद पुन्हा सुरू केलं. लोक खूश. मग परत तेच. लोक कुजबुजायला लागले. मग शिट्ट्या. शेवटी पडदा पाडावा लागला.

पडद्यामागंही ती गातच होती.

काम गेलं. काही महिन्यांत आवाजही गेला. दवाखाने झाले, जोतिबा झाला. २००३ साली ते नाट्यगृह पाडलं, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटली बिचारी.

गेल्या महिन्यात मी मावशीकडं गेलो होतो. भर दुपार. सुष्मिता भिंतीला टेकून उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. थोड्या वेळानं ओठ थांबले. तिनं कान दिला. डोळे भरले. नको, नको, अशी मान हलवली.

ती थांबायचीच वाट बघत मावशी पाण्याचा पेला घेऊन तयार होती.

"पी बाळ, लवकर पी..."

मी काहीही करू शकलो नाही. पहिला घोट गिळायच्या आतच तिचे ओठ पुन्हा हलायला लागले, आणि पाणी हनुवटीवरून खाली सांडलं.