नूतनची तोडलेली लाईन

उन्हाळ्यात चोपड्याला दुपारच्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशाच एका वैशाखातल्या दुपारी समाधान डोक्याला उपरणं गुंडाळून हितेंद्रच्या दुकानात गेला. काम साधंच होतं, घरी इंटरनेट घ्यायचं होतं. हितेंद्र गावात केबल टाकून नेट देतो. खांबाखांबावरून त्याच्या काळ्या वायरी लोंबतात, आणि नेट बंद पडलं की अख्खं गाव त्याच्या नावाने बोटं मोडतं.

"एवढ्या उन्हात कशाला आलात, भाऊ? फोन करायचा ना."

"आजच पाहिजे रे. आणि तुझा तो चौक... चालू आहे ना अजून?"

हा चौक काय, ते आधी सांगतो. पूर्वी बाहेरचं नेट गोगलगायीसारखं चालायचं. म्हणून हितेंद्रने आपल्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर आपसांत जोडून दिले होते. कोणाकडे सिनेमे, कोणाकडे लग्नाची शूटिंग, कोणाकडे कानबाई देवीची गाणी. ज्याला जे हवं ते त्याने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून उतरवून घ्यायचं. फक्त रिकाम्या हाताने चौकात शिरता यायचं नाही. आपलंही काहीतरी, आणि तेही चांगलं वजनदार, बाकीच्यांसाठी उघडं ठेवावं लागायचं. लोक काय विचारता, कंटाळा करून अख्खा कॉम्प्युटरच उघडा टाकायचे! मग एकाचे घरगुती फोटो दुसऱ्याच्या हाती लागायचे आणि गल्लीत ही भांडणं. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि चौक ओस पडला. हितेंद्रने मात्र तो बंद केला नव्हता.

समाधानला त्या ओसाड चौकात जायचं होतं ते नूतनपायी. नूतन त्याची बायको, मागच्या वर्षी तापाने गेली. गळा असा, की श्रावणात कानबाई बसली की बाया तिला हाताला धरून ओढत न्यायच्या. आपली गाणी रेकॉर्ड करून तीच चौकात टाकायची. ती गेल्यावर समाधानने केळीच्या मळ्याकडचं पत्र्याचं घर कुलूप लावून बंद केलं आणि पोरीला घेऊन गावात आईकडे राहायला आला. नूतनच्या कॉम्प्युटरची डिस्क जळाली होती. त्याचा फोन तापीच्या पुलावर हातातून निसटला तो थेट पाण्यात. तिचा आवाज म्हणून कुठे काही उरलं नाही.

आणि परवा सहा वर्षांची भाविका जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, आईचा आवाज कसा होता? मला आठवतच नाही."

मोरीत जाऊन, नळ सोडून, तो ढसाढसा रडला.

"कोणी ना कोणी तिचं गाणं उतरवून घेतलेलं असेलच," तो हितेंद्रला म्हणाला. "एक ओळ मिळाली तरी चालेल रे. पोर आईला विसरायला लागली."

हितेंद्रने मान खाली घातली. "शोधा, भाऊ. पण उघडं काय ठेवता ते जरा बघून ठेवा. चौकात आता कोण येतं, कोण जातं, माझंही लक्ष नसतं."

त्याच दुपारी हितेंद्र लाईन जोडून गेला. पुढच्या खोलीत कूलरसमोर समाधानची आई झुंबरबाई आणि भाविका झोपल्या होत्या. दारं-खिडक्या बंद. आतल्या अंधाऱ्या खोलीत समाधान जुना कॉम्प्युटर लावून बसला. चौकाने आधी त्याच्याकडे वजन मागितलं. बिचाऱ्याकडे होतं काय? या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेले भाविकाचे व्हिडिओ तेवढे होते; नूतन त्यांत कुठेच बोललेली नव्हती. पहिलं पाऊल, बोबडे बोल, वाढदिवस, शाळेतली कविता. त्याने ते फोल्डर उघडं ठेवलं. म्हटलं, कोण बघतंय इथे!

चौकात चारदोन नावं होती, तीही विझलेली. गाणी कोणाकडेच नव्हती. तो बंद करायला उठणार, तेवढ्यात एका नावापुढे हिरवा ठिपका पेटला.

नूतन.

तिच्या नावाखाली एकच फाईल होती. 'भाविकासाठी'.

समाधानने हलक्या आवाजात हितेंद्रला फोन लावला.

"हितेंद्र... नूतनचं नाव दिसतंय रे चौकात. चालू दिसतंय."

"कसं शक्य आहे? मळ्याकडची लाईन मी माझ्या हाताने तोडली. तिच्या लाईनचा डबा इथे दुकानात पडलाय." पलीकडे कीबोर्ड वाजला. "भाऊ... त्याच लाईनवरून येतंय. भाऊ, काही घेऊ नका तिकडून. ऐका माझं..."

पण समाधानने फाईलवर क्लिक केलं होतं.

पट्टी हळूहळू भरू लागली. खोलीत कुठून तरी कांद्याचा वास आला, उग्र, ठेचलेल्या कांद्याचा. नूतनला शेवटचा ताप चढला तेव्हा झुंबरबाई रात्रभर तिच्या तळपायांना कांदा चोळत होती. घरात तेव्हा असाच वास भरला होता. समाधानने ओळखला. तरी उठला नाही.

मग त्याला खाली दुसरी पट्टी दिसली. तिकडून काही येत होतं, तसंच इकडून काही जात होतं. नूतन भाविकाचं फोल्डर घेत होती.

त्याला हुंदका फुटला. "घे," तो पुटपुटला. "बघ, किती मोठी झाली तुझी लेक. पोटभर बघ."

पुढच्या खोलीतून झुंबरबाईची हाक आली. "समाधान! अरे, भाविकाले, तुनी आंडेरले काय व्हयनं बघ. तिना आवाज निंघत नही रे!"

तो धावत गेला. भाविका उठून बसली होती. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती, पण आवाज फुटत नव्हता. पाणी पाजलं, पाठ चोळली. पोर नुसती त्याच्याकडे बघत तोंड उघडत होती, मिटत होती.

"ऊन बाधलं असेल. दवाखान्यात नेतो," म्हणत तो गाडीची किल्ली घ्यायला आत आला. पडद्यावर वाढदिवसाच्या व्हिडिओचं नाव होतं; तो नुकताच नूतनकडे पोचला होता. काय वाटलं कोण जाणे, त्याने तो आपल्याकडचा लावून पाहिला. टाळ्या ऐकू आल्या. झुंबरबाईचं हसणं ऐकू आलं. भाविका गात होती, तोंड हलत होतं, आणि तिचाच तेवढा आवाज नव्हता. त्याने दुसरा लावला, तिसरा लावला. पोरीचा आवाज कशातच उरला नव्हता.

तो पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला. "नूतन, नको गं. एकटी पडलीस, कळतं मला. पण ही एकच आहे माझ्याकडे... नूतन, पाया पडतो तुझ्या..."

दोन्ही पट्ट्या भरत आल्या होत्या. कडेला बोटभर जागा उरली होती. त्याने वायर मुठीत धरली. ओढायची, बस! पण इथेच घात झाला. आता ओढली तर नूतनचा आवाज पुन्हा कधीच मिळणार नव्हता, आणि तो आवाज त्यालाही हवा होता. एक क्षण त्याचा हात थांबला. मग त्याने दात-ओठ खाऊन वायर उपसली. हिरवा ठिपका विझला.

दोन्ही पट्ट्यांवर लिहिलं होतं, पूर्ण.

"अहो..."

पुढच्या खोलीतून हाक आली. तोच गळा. वर्षभर ज्याच्यासाठी तो तळमळला होता, तोच.

तो दारात आला. झुंबरबाई तोंडात पदर कोंबून भिंतीला चिकटली होती. भाविका गादीवर बसून एका तळपायावर दुसरा तळपाय घासत होती. तिने मान वर केली. ओठ तिचेच हलले, आवाज नूतनचा आला. "अहो, दार लावून घ्या ना. ऊन आत येतंय."

रोज दुपारी नूतन हेच म्हणायची.

आतल्या खोलीत फाईल आपोआप वाजू लागली. पत्रा खडखडत होता, मळ्याकडच्या घराचा. आणि त्या खडखडाटात पोरीचा बारीक, रडवेला आवाज होता. "पप्पा... इथे कोणीच नाही. दाराला कुलूप आहे, पप्पा..."

समाधानने खिळ्यावरची त्या घराची चावी ओढली आणि उंबऱ्याकडे झेपावला. मागून एका इवल्या गरम हाताने त्याचं मनगट धरलं.

"कुठे निघालात एवढ्या उन्हात?" नूतनच्या आवाजात भाविका म्हणाली. "आपण सगळे घरीच आहोत ना."

"पप्पा, लवकर या..." आतून आवाज येतच होता. समाधानने वळून पाहिलं. उपसलेली वायर अजून त्याच्या मुठीतच होती. आणि पडद्यावर ती फाईल संपतच नव्हती. ती हळूहळू वाढत होती.