सोळाचा आकडा

भूपेशकडे तीन लेन्स होत्या आणि तिघींचे स्वभाव वेगळे, असं तो म्हणायचा. पहिली कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम. लग्न, बारसं, ग्रामसभा, कुठंही मुकाट राबायची आणि तिचं कौतुक कोणी करायचं नाही. दुसरी पन्नास एमएमची. चेहरा काढावा तर तिनंच. तिसरी तीनशेची, लांबलचक, नागपूरहून जुनी आणलेली. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात असली नळकांडी पाहून त्यालाही वाटू लागलं होतं, की आपण काय जन्मभर नवरदेवाचे फेटेच टिपायचे?

त्याचा स्टुडिओ पोंभुर्ण्याच्या बसस्टँडजवळ होता. एक खोली, निळा पडदा, दोन स्टूल. गिऱ्हाईक बसलं की त्याला शहाणं करून सोडायची भूपेशला भारी हौस.

"हा लेन्सचा आकडा पाहा," तो सांगायचा. "लहान ठेवला, एक पॉइंट आठ, तं तुमचा चेहरा तेवढा लख्ख, मांगचं सारं धुक्यात. मोठा केला, सोळा, तं पुढचं-मांगचं सारंच लख्ख. आपण डोळे बारीक करून दूरची पाटी वाचतो का नाई, तसं."

गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटो हवा असायचा. ते मान हलवायचं आणि घड्याळाकडे पाहायचं.

त्याच्या पाच वर्षांच्या रिंकूला मात्र ही गोष्ट फार आवडली होती. बसस्टँडवर उभी राहून ती डोळे किलकिले करायची आणि लांबून येणाऱ्या एसटीच्या पाटीवरचं तिला येणारं एखादं अक्षर ओळखायची. "बाबा, मी सोळा केला," म्हणायची.

रिंकूची आई डिंपल मागच्या जुलैत, भाताच्या रोवणीत, गेली. धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावता लावता पायाला साप चावला. गाडी मिळाली, वेळेत निघाली, तरी वाटेतच सगळं संपलं. अठ्ठावीस वर्षांची होती.

तेरवीला फोटो लावायची वेळ आली तेव्हा भूपेशला कळलं, की आपल्याकडे आपल्या बायकोचा फोटो नाही.

लोकांना खरं वाटेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लग्न झालं लॉकडाऊनमध्ये, पाच माणसांत, दोघांच्याही तोंडाला मास्क. डिंपलच्या मोबाईलमध्ये सेल्फी शेकडो होत्या, पण तिला फिल्टरचा नाद. कुठं सशाचे कान, कुठं मैद्यासारखे पांढरे गाल, कुठं डोळे बशीएवढे. तिचा गव्हाळ रंग आणि हनुवटीवरचा व्रण एकाही फोटोत नव्हता. आधार कार्डावरच्या बाईला तर ती स्वतःच हसायची.

आणि ती मागत नव्हती असंही नाही. "आवो, मायाबी एक फोटो काढा ना चांगला. फ्रेममधी लावाले," असं ती वर्षातून चार-पाचदा तरी म्हणायची. तो आभाळाकडे नाहीतर खिडकीकडे पाहायचा आणि सांगायचा, "आज लाईट बराबर नाई." पाच वर्षं लाईट बरोबर नव्हता. हे आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं, आणि एकदा त्यानं मारलीही.

खऱ्या चेहऱ्याचा म्हणावा असा एकच फोटो होता. मागच्या उन्हाळ्यात तलावावर नुकतीच आणलेली तीनशेची लेन्स वापरून पाहायला तो गेला होता. डिंपल सोबत होती. पाण्यातल्या खुंट्यावर खंड्या बसला होता. त्याचं पीस न् पीस फोटोत आलं होतं. त्याच्या मागं, तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जांभळ्या साडीचा एक डाग आणि त्यावर काजूएवढा फिका ठिपका. ती डिंपल. आकडा लहान ठेवलेला, लक्ष पक्ष्यावर. तिचं नाक कुठं आणि डोळे कुठं, ते देवालाच ठाऊक.

तेरवी त्या फोटोविनाच झाली.

मे महिन्यात डिंपलचे वडील, इस्तारी, आले. इस्तारी म्हणजे जुना ढिवर, साठ वर्षं तलावात जाळं टाकलेला माणूस. फार बोलत नसे. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "जवाई, डिंपलची वर्षी जवळ आली. पोरगी मले काल फोनवर विचारे, आबा, मम्मी कशी दिसे? मी काय सांगू? पोरीले माय दिसली पायजे."

"कुठून आणू, मामाजी?"

"तुमी फोटोवाले हा," इस्तारी म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेश तलावावर गेला. फोटो आणायला नाही. त्याला फक्त त्या जागी बसायचं होतं. पाणी आटून पार खाली गेलं होतं. काठाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, मोहाची वाळकी फुलं कुठंकुठं सडून आंबूस वास सुटलेला. खुंटा तसाच होता, वर पक्षी नव्हता. हाताला सवय म्हणून त्यानं तीनशेची लेन्स लावली, खुंट्यावर फोकसचा नेम धरला आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर खुंटा आला. त्याच्या मागं पाळीवर जांभळा डाग होता.

त्यानं मान वर केली. पाळ रिकामी होती. कोणीतरी लुगडं वाळत घातलं असेल म्हणावं, तर तसंही काही दिसेना. त्यानं पुन्हा फोटो काढला. डाग होता, त्यावर फिका ठिपका होता.

माणूस धंद्याचा पक्का. त्यानं आकडा सोळावर नेला. आता लपायला जागाच नाही. फोटोत पाळीवरचा दगड न् दगड आला, मोहाच्या बुंध्यावरच्या मुंग्यांची ओळसुद्धा आली. जांभळं काहीच नव्हतं. आकडा परत लहान केला. जांभळं परत आलं.

हे त्यानं अकरा वेळा केलं. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तो रडला. भीती वाटायला हवी होती, पण त्याच्या मनात एकच गोष्ट आली. आता तरी तिचा फोटो काढता येईल.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो जाऊ लागला. लहान आकड्यातच ती येते तर त्याच आकड्यावर नेम थेट तिच्यावर धरायचा, एवढं साधं काम. त्यानं पाळीवर नेम धरला. पाळ लख्ख आली, पण डाग आता मोठा होता, खुंट्याच्या आसपास, पाळीच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी त्यानं खुंट्यावर धरला. खुंटा लख्ख आला आणि डाग अर्ध्या फोटोएवढा, खुंट्याच्या अलीकडे. ज्या अंतरावर तो नेम धरी, त्याच्या थोडी अलीकडेच ती असायची.

"थांब ना जराशी," तो रिकाम्या चिखलाला म्हणाला. "हालू नको."

हजारो नवऱ्या-नवरदेवांना सांगितलेले हे शब्द. बायकोला ते त्यानं पहिल्यांदाच सांगितले.

चौथ्या दिवशी ती पाच फुटांवर आली. तीनशेच्या लेन्सला इतकं जवळचं दिसत नाही. त्यानं पन्नासची लावली. त्या लेन्सला हातभर अंतरावरचंही दिसतं. सहाव्या दिवशी फोटोत नुसतं जांभळं आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मऊ, ओलसर, कुठंच कड नसलेलं. लेन्स घरघर करत पुढं-मागं फिरली आणि थांबली. भूपेशच्या नाकाला वास आला, भर मे महिन्यात, उपटलेल्या पऱ्ह्यांचा आणि बांधीतल्या पाण्याचा. त्यानं हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही.

संध्याकाळी त्यानं सासऱ्याला सगळं दाखवलं. म्हातारा एकेक फोटो पाहत गेला. शेवटच्या जांभळ्यावर त्यानं अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"तुमी तिले धराले जाता," तो शेवटी म्हणाला. "आणि ते तुमच्याकडं येऊन राह्यली. मासोळी पायापाशी आली का जाळं टाकता येत नाई, जवाई."

"मंग काय करू?"

"तुमी कॅमेऱ्याच्या इकडं काऊन बसता? तिकडं जाऊन बसा. तुमच्यापाशी येईन ते." मग थोडा थांबून, जमिनीकडे पाहत, "पण विचार करा. एक पोरगी हाये."

भूपेशनं विचार केला नाही. खरं सांगायचं तर, केला आणि सोडून दिला.

रविवारी सकाळी तो रिंकूला घेऊन स्टुडिओत आला. शटर पूर्ण वर केलं. दारातून उजेड आत येत होता, ढगांतून गाळून आल्यासारखा, कुठंही न टोचणारा. पाच वर्षांत असा लाईट आला नव्हता. निळ्या पडद्यापासून दोन पावलं पुढं त्यानं स्टूल ठेवला, स्टुलावर तांब्या ठेवला, कॅमेरा रिंकूच्या उंचीला आणला, पन्नासची लेन्स तांब्याच्या काठावर नेमकी लावली आणि नेम तिथंच कायम केला. आकडा एक पॉइंट आठ. मग तांब्या काढून त्याच जागी स्वतः बसला. अंगात विटकरी रंगाचा शर्ट होता.

"मी म्हणीन तवाच दाब," तो म्हणाला.

"दात दाखव ना, बाबा."

त्यानं दात दाखवले. डाव्या खांद्याला गार लागलं, ओल्या कापडाचं लागतं तसं. तो हलला नाही.

"दाब."

खट्ट आवाज झाला. रिंकूनं कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. त्यानं विचारलं, "आला का?"

"मम्मी," रिंकू म्हणाली.

तो उठून आला. फोटोत स्टुलावर डिंपल बसली होती. हात मांडीवर, जांभळा पदर खांद्यावर, केस ओले. हनुवटीवरचा व्रण, नाकातली चमकी, उजव्या भुवईतला तुटका केस, सगळं. खूप वेळ ताटकळून नंबर लागलेल्या माणसासारखी ती सरळ कॅमेऱ्यात पाहत होती. रागावलेली नव्हती. ते पाहून त्याच्या छातीतून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मम्मी किती छान आली," रिंकू म्हणाली. मग तिनं फोटोतल्या स्टुलाच्या मागं बोट ठेवलं. निळ्या पडद्यापाशी विटकरी रंगाचा एक डाग होता, त्यावर काजूएवढा फिका ठिपका. "बाबा, तू काऊन तिकडं जाऊन उभा राह्यला? तू तं धुक्यात गेला."

भूपेश सगळा वेळ स्टुलावर बसलेला होता.

जुलैत डिंपलचं वर्षश्राद्ध चांगलं झालं. फ्रेम मोठी केली, सागाची पट्टी, चंदनाचा हार. फोटो कुठं मिळाला म्हणून विचारणाऱ्यांना तो, "जुना होता, सापडला," एवढंच सांगे. विटकरी डाग त्यानं कापून टाकला होता. इस्तारीनं फोटोतल्या हनुवटीला बोट लावलं, जावयाकडे पाहिलं आणि निघून गेला. रिंकूनं त्या दिवसापासून अंथरूण फ्रेमखाली घातलं. रोज फोटोला बालवाडीतलं सगळं सांगायची. भूपेशला वाटलं, फिटलं.

ऑगस्टमध्ये शाळेच्या एका फॉर्मसाठी पालकाचा फोटो हवा होता.

त्यानं टायमर लावला आणि स्टुलावर बसला. फोटोत स्टूल लख्ख, पण तो मागं पडद्यापाशी, विटकरी डाग. शर्ट आज पांढरा होता.

नेम पडद्यावर धरला. डाग आणखी मागं गेला, जिथं भिंत असायला हवी तिथं.

लेन्स बदलली. मग दुसरी. तिन्ही झाल्या.

शेवटी त्याचा हात आकड्यावर गेला. तिथं तो बराच वेळ थांबला. मग त्यानं आकडा सोळावर नेला, स्टुलावर बसला, श्वास धरला.

खट्ट.

फोटोत निळा पडदा आला, त्याच्या चुण्या, वरची चिमटी, भिंतीवरचं खिळ्याचं भोक. स्टुलाच्या लाकडातल्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या. स्टुलावर कोणी नव्हतं.

दाराच्या पायरीवर रिंकू पाटी घेऊन बसली होती. त्यानं तिला हाक मारली. तिनं वळून पाहिलं, हसली आणि खेळ म्हणून डोळे किलकिले केले.

"बाबा, मी सोळा केला."

"हं."

"बाबा?"

"इथीच हाये मी."

तिनं डोळे मोठे केले. त्याला पाहिलं, हुश्श केलं. मग सावकाश, एकेक करत, पुन्हा बारीक केले.

या वेळी ती हसली नाही. तिनं पाटी खाली ठेवली, आणि त्यानंतर बापाकडे पाहताना तिनं कधीच डोळे बारीक केले नाहीत.