मिटल्या डोळ्यांची सीमा

पूर्वसंघाच्या वैमानिक-तपासणी प्रयोगशाळेत कॅप्टन हर्षल तांडेलच्या पापण्या चिमट्यांनी ताणून धरल्या होत्या. गार, चिकट द्रव गालावरून ओघळून तोंडात गेला. त्याला शिसारी आली. मागच्याच आठवड्यात पश्चिमसंघाच्या डॉक्टरांनी हेच बुबूळ असंच उघडं पाडलं होतं. मासळीबाजारात कल्ले उचकटून बघतात, तसं.

"हलू नका हो," डॉ. इरावती हेर्लेकर म्हणाल्या. "रंगपटल छान बसलंय."

हर्षलला जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. डोळ्याच्या पडद्यावर बसवलेली ही सूक्ष्म चकती तो फरक मेंदूला कळवी.

"आमच्याकडे वैमानिकाला रंग दिसलेच पाहिजेत, म्हणून पटल चालू हवं. त्यांच्याकडे डोळ्यात यंत्र चालत नाही. बाहेरून कुणी त्यात शिरलं तर? म्हणून तिथे बंद. दोन्ही नियम शहाण्यांनीच केलेत."

"आणि सीमेवर चालूचं बंद करताना मी आंधळा होतो, त्याचं काय?"

"मेंदू एक भाषा सोडून दुसरी धरतो, मिनिटभर अंधार होणारच. तेवढ्यापुरता सहवैमानिक आहे ना! तोही समपटल, म्हणजे पटल बसवलेलाच, द्यायचा, असा दोन्हीकडे नियम आहे. पटलवाल्याची अडचण पटलवाल्यालाच कळते."

चिमटे निघताच हर्षल ताडकन उठून बसला. "अहो, मग त्यालाही त्याच रेषेवर बंद करावं लागणार!"

डॉक्टर हातमोजे काढत राहिल्या. "ते उड्डाण विभागाचं. मी डोळे बघते."

आणि त्यांनी 'योग्य' असा शिक्का मारला. या सीमापार मार्गाच्या कप्तानपदासाठी त्यानं अर्धं तारुण्य अशा खुर्च्यांत काढली होती. आईच्या ओव्यांतला नाखवा एका ताऱ्यावर नजर लावून घरी येई. लेकाच्या नजरेला दोन मालक होते.

पहिल्याच उड्डाणात, भर दुपारी, पश्चिमसंघाची सीमा जवळ आली. शेजारी रत्नागिरीचा असद मुकादम होता, अर्थातच समपटल.

"चला तांडेल, झाका डोळे. सरकारी लपंडाव."

"मागे माणसं जेवतायत रे."

"स्वयंचालक आहे ना! नाही म्हणालास तर परवाना गेला."

असदनं पटलाची कळ दाबली. त्याचे डोळे उघडेच राहिले आणि शिळ्या बांगड्याच्या डोळ्यांसारखे विझले.  हर्षलनं आपल्या कळीवरचं बोट मागे घेतलं.

ढगातून एक भरकटलेला हवामान-फुगा वर आला, खाली उपकरणांची जड पेटी लोंबत होती. त्याचा संकेतक बंद पडला होता, म्हणून स्वयंचालकाच्या लेखी तो नव्हताच. हर्षलनं विमान डावीकडे लोटलं.

"काय झालं?" असद ओरडला.

"फुगा होता. गेला."

असद आवाजाच्या दिशेनं झुकला. मग हळूच म्हणाला, "तुला दिसला? मेल्या, कुणाला सांगू नकोस. वाऱ्याचा धक्का म्हण."

पण तसं म्हटलं असतं, तर ती आंधळी रेषा तशीच राहिली असती. हर्षलनं दोन्ही संघांच्या संयुक्त चौकशीत खरं ते सांगितलं.

"पश्चिमसंघाच्या हवेत पटल चालू ठेवून तुम्हाला दिसत होतं, हे मान्य?" अध्यक्षांनी विचारलं.

"मान्य. म्हणून तर तुमच्यासमोर मी बसलोय, माझी राख नाही."

"गैरलागू," अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले.

दोन्ही संघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. तांडेलचे डोळे उड्डाणास अयोग्य ठरले. मुकादमनं नियम पाळला होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. तो योग्य ठरला.

निकालाच्याच दुपारी मुकादमला तांडेलच्या जागी कप्तान करून नवा सहवैमानिक देण्यात आला. समपटल.