आतल्या खोलीचं माप

घर विकायचं म्हटलं की ज्याच्या त्याच्या ओळखीतला एक दलाल निघतो. वाण्याचा मेहुणा दलाल, शेजारणीचा भाचा दलाल, दवाखान्यात नंबर लावून बसावं तर बाजूचा पेशंटही खोकत खोकत खिशातून कार्ड काढतो. थोरलीला नुसता दलाल नको होता. घर झटपट विकून देणारा हवा होता. अंथरुणाला खिळलेल्या बाबांना घेऊन तिला धाकट्या भावाच्या गावी जायचं होतं. तिथे मोठं इस्पितळ होतं, भाऊ-भावजय होती, आळीपाळीने जागायला माणसं होती. इथे ती एकटी. नोकरी सुटलेली, केस विंचरायची फुरसत नाही, आणि तिच्या लग्नाचा विषय तर नातेवाइकांनी केव्हाच सोडून दिलेला. "हे घर गेलं नाही तर मला वेड लागेल रे," असं ती भावाला फोनवर सांगायची, आणि ते अगदी खरं होतं.

पहिला आला तो सूटवाला. जिभेवर साखर, हातात भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र. हॉल, स्वयंपाकघर, छोटी खोली त्याने झरझर मोजली. बाबांच्या खोलीच्या दारात मात्र तो थबकला.

"राहू द्या ताई, आजारी माणसाला कशाला त्रास? या खोलीचं माप नकाशावरून घेतो." मग घसा खाकरून म्हणाला, "हॉल मात्र नकाशापेक्षा लहान भरतोय हं. भावही त्या हिशेबानेच येईल."

दाखवले आपले रंग, असं थोरली मनात म्हणाली आणि तिने दुसरा फोन फिरवला.

दुसरी आली ती चष्मेवाली बाई. यंत्राबिंत्रावर हिचा विश्वास नाही, स्वतःची टेप. हिने मोजला तर हॉल आणखी लहान निघाला! बाबांच्या खोलीत हिनेही दारातूनच डोकावलं, "झोपलेत वाटतं," असं पुटपुटली आणि मागे फिरली. "आधीच्याने जास्त सांगितलं असेल तर ती त्याची जीभ," ती म्हणाली. "टेप खोटं बोलत नाही."

"सगळे मेले चोर आहेत," थोरली त्या दिवशी भावाला म्हणाली.

"ताई, अजून एखादा बघ ना. घाई करू नको."

लांबून घाई करू नको म्हणायला काय जातं! इथे घर तिला खायला उठलं होतं. पुढचं दार उघडलं की सोफ्याला अडायला लागलं होतं. ओट्याशी उभं राहिलं की पाठ मागच्या भिंतीला टेकायची. आणि बाबांना चहा नेला की ते म्हणायचे, "गार आणलास गं, थोरले." गॅसवरून नुकता उतरवलेला चहा दारापासून पलंगापर्यंत जाईस्तोवर निवायचा. गुडघे कामातून गेले आपले, असं म्हणत ती तो पुन्हा गरम करायची. त्या खोलीला हल्ली औषधांचा वास येत नसे. उघड्या माळावरचा, ओलसर मातीचा वास येई.

तिसरा दलाल म्हातारा होता. त्याचा एक हट्ट होता, सगळ्या खोल्या मोजल्याशिवाय तो घर विकायला घेत नसे. "एक खोली सोडून घर विकायचं म्हणजे बाही सोडून सदरा विकायचा," तो हसून म्हणाला. चपला काढून तो बाबांच्या दाराशी उभा राहिला.

"येऊ का हो आत?"

"या..." उत्तर आलं, पण जरा उशिरा आलं.

त्याने टेपचं टोक थोरलीच्या हातात दिलं. "चौकटीशी घट्ट धरा," म्हणाला आणि डबी घेऊन आत शिरला. दुपारची वेळ, पडदे ओढलेले. टेप सरसर सुटत राहिली. त्याची पावलं वाजत राहिली, मग बारीक झाली, तरी वाजतच राहिली. एक पलंग, एक स्टूल आणि एक कपाट मावेल एवढीच ती खोली. पलीकडची भिंत बाहेरची, तिच्यामागे नुसती हवा आणि तीन मजले खाली रस्ता. टेप ताणली गेली... थांबली... संपली.

"आजोबा...?" ती हळूच म्हणाली.

"धरून ठेव, पोरी... सोडू नकोस."

विहिरीतून दोर धरून माणूस वर यावा तसा तो त्या टेपला धरून परत आला. घामाने डबडबला होता. हॉलमधल्या सोफ्यावर बसला तर गुडघे समोरच्या भिंतीला लागले. बराच वेळ तो बोटांच्या पेरांवर काहीतरी हिशेब करत राहिला.

"घरातलं कमी काही झालेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "हॉलमधलं गेलं, स्वयंपाकघरातलं गेलं, ते सगळं तिथे आत जमा झालंय."

"म्हणजे?"

"ते मला विचारू नकोस. बाबांना आजच्या आज बाहेर काढ. घर गेलं खड्ड्यात. आणि ते बाहेर येईपर्यंत... ते दार लावू नकोस."

चपला हातात घेऊन तो तसाच अनवाणी जिना उतरला.

थोरलीने अँब्युलन्सला फोन केला. संध्याकाळी येतो म्हणाले. फोन ठेवते न ठेवते तोच सूटवाल्याचा फोन. "ताई, गिऱ्हाईक घेऊन निघालोय! नवरा-बायको आहेत, बघून आजच बयाणा देतील. फक्त एक करा, बाबांच्या खोलीचं दार लावून घ्या. आजारी माणूस दिसला की लोक कचरतात. ती खोली आपण शेवटी दाखवू."

ती दाराशी जाऊन उभी राहिली. आत, फार आत, बाबांचा चेहरा पुसट दिसत होता. म्हाताऱ्याचं ऐकावं हे तिला कळत होतं. पण घर खड्ड्यात गेलं तर तिने कुठे जायचं? अर्ध्या तासाचा तर प्रश्न! आणि त्या अर्ध्या तासाच्या खाली आणखी एक विचार होता, तिने कधी स्वतःलाही न सांगितलेला. हे दार एकदाचं लागलंच तर... तो विचार पुरा व्हायच्या आतच तिच्या हाताने दार लोटलंही.

"बाबा, जरा वेळ दार लावतेय हं."

कडी घातल्यावर उत्तर आलं. "लाव... पण ये गं लवकर..."

बेल वाजली. पुढचं दार कुठेही न अडता सताड उघडलं. नवरा-बायको आत आले, सूटवाल्याने भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि तो खूश होऊन ओरडला, "अरे वा! हॉल तर अगदी नकाशाप्रमाणे! त्या दिवशी यंत्राचंच काहीतरी बिघडलं असणार."

थोरली धडपडत आत धावली आणि तिने कडी काढली.

खोली लहानशी होती. नकाशात होती तेवढीच. पडदे नव्हते, खिडकीतून ऊन आलं होतं. पलंग नव्हता, स्टूल नव्हतं, कपाट नव्हतं. फरशी लख्ख पुसलेली.

"किती नीटनेटकं ठेवलंय हो!" गिऱ्हाईक बाई मागून म्हणाली.

"बाबांना हलवलंत ना? फार छान केलंत," सूटवाला कानाशी कुजबुजला आणि त्या दोघांना घेऊन स्वयंपाकघराकडे वळला.

थोरली पलीकडच्या भिंतीशी गेली. दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, कान लावला. आणि मग, लांब शेताच्या दुसऱ्या बांधावरून यावा तसा बाबांचा आवाज आला.

"थोरले... गेले का गं ते लोक?"

उत्तर द्यायला तिने छाती भरून श्वास घेतला. पण उत्तर आधीच आलं. भिंतीच्या पलीकडून, बाबांच्या अगदी उशाजवळून. आवाज तिचाच होता. कित्येक वर्षांत तिला स्वतःला काढता आला नव्हता, इतका मायेचा.

"गेले, बाबा. आता मी तुम्हाला सोडून कुठ्ठे जाणार नाही."