नव्या गाडीची चौथी फेरी

शोरूमच्या ऐन दारात तिची अकरा वर्षांची छोटी सेडान बंद पडली, तीही नवी कोरी एसयूव्ही घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या वाटेत. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. एरवी दवाखान्यात भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटणारी ती, लाजेनं अर्धी झाली. तेवढ्यात एक सेल्समन धावत आला आणि त्यानं बॉनेटवर हळूच थाप मारली.

“घाबरलीय बिचारी. एवढ्या नव्या गाड्या एकदम पाहिल्या ना...”

तो हसला. त्याचा एक दात किंचित वाकडा होता. डॉक्टरीणबाईंना तो लगेच दिसला आणि, नवल म्हणजे, सरळ करावासा वाटला नाही.

त्याची एक पद्धत होती. आधी तो गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीत शेजारी बसून फेरी मारायचा, मग त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून नवीची. वहीत मधोमध रेघ. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. शोरूमच्या साहेबांना हा वेळखाऊपणा बिलकूल पसंत नव्हता.

लोकांचं एका फेरीत भागायचं. हिच्या चार झाल्या. कधी डिकी पुन्हा बघायची होती, कधी भर उन्हात एसी.

“गाडी बघायला जातेस, की गाडीवाल्याला?” आईनं विचारलं, तेव्हा तिला ठसका लागला.

आज मात्र सोक्षमोक्ष लावायचा होता. गाडी घेतली की किल्ली मिळणार आणि भेटी संपणार. नाही घेतली तरी संपणारच. चौथ्या फेरीत तिला चक्क रडू येईलसं वाटत होतं.

गाडी शोरूमपाशी परत येऊन थांबली. ती उगाच स्टिअरिंग धरून बसली.

“बोला, काय करू?” तिनं विचारलं.

त्यानं वही पुढे केली. डावी बाजू गच्च भरलेली – वळायला सोपी, दवाखान्याच्या गल्लीत मावते, क्लच बदलला की अजून पाच वर्षं बघायला नको. उजवीकडे एकच ओळ होती: उंच आहे.

“सेल्समन ना तुम्ही? मागचा कॅमेरा, सहा एअरबॅग... कुठे गेलं सगळं?”

“गाडी चांगलीच आहे, डॉक्टर. मीच... लबाडी केली.”

“का?”

दोघांच्या मध्ये ऐसपैस आर्मरेस्ट पसरलेला होता. त्याच्याकडे बघत, कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, “हिच्यात तुम्ही... फार लांब बसता.”

तिला इतका आनंद झाला, की तिनं स्टिअरिंगवरच थाप मारली.

“मला दुसऱ्याच फेरीत कळलं होतं, ही नको म्हणून,” ती म्हणाली.

“मग तिसरी? आणि आजची?”

ती उतरली, पलीकडे उभ्या जुन्या सेडानपाशी गेली आणि तिनं शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं.

“चला. वही तिथेच राहू द्या.”

“साहेब ओरडतील हं,” असं म्हणत तो आला आणि बसला.