डांगरी शिवून मिळेल

मोशीत सोपानरावांच्या गोठ्यावर मैत्री सकाळी दूध घ्यायला गेली, तर तिथे एक तरुण उभा. हेल्मेट काखेत, मोबाईल हातात, आणि चेहरा असा की आता म्हशीलाच पत्ता विचारतो की काय!

"हे... मैत्री युनिफॉर्म्स का?" त्यानं विचारलं.

"व्हय तर! ही बांडी म्हस आमची हेडटेलर," सोपानराव धार काढता काढता म्हणाले. "अवो पाव्हणं, हितं गोठा हाय. त्यो मोबाईल समद्यांना हिकडंच धाडतोय. दुकान पल्याडच्या गल्लीत, आन् दुकानवाली ही काय तुमच्या म्होरं हुबी!"

मैत्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानाची वेबसाईट चुलतभावानं केली होती, नकाशावर खूणही त्यानंच लावली होती. भाऊ गेला दुबईला, खूण राहिली गोठ्यात.

ती त्याला दुकानात घेऊन आली. आई, जयमालाबाई, मशीनवर होती. पाहुण्याचं नाव धम्मपाल. त्याला डांगरी शिवायची होती, म्हणजे कारखान्यात घालतात तो अंगभर एकसंध पोशाख. पण स्वतःला नाही, भावाला. भाऊ निघोजेच्या एका कंपनीत वेल्डर म्हणून नवा लागला होता.

"मग भाऊ कुठाय?" मैत्रीनं विचारलं.

"शिफ्टला. पण आम्ही दोघं एकाच मापाचे. माझंच घ्या."

तिनं टेप त्याच्या छातीभोवती घेतली, आणि हा गडी श्वास रोखून उभा.

"श्वास सोडा की," मैत्री म्हणाली. "भाऊ श्वास घेतच काम करणार ना?"

त्यानं श्वास सोडला, आणि कान लाल झाले. मैत्रीनं ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो..." पलीकडून कुणीतरी लाडात बोललं, "मैत्री करायची होती."

"इथं मैत्री होत नाही, युनिफॉर्म होतात!" तिनं फोन आपटला. "हसू नका हो. रोज येतात असले फोन. गिऱ्हाईक मात्र फिरकत नाही."

धम्मपाल हसू दाबत म्हणाला, "मी चिंचवडला हेच काम करतो. साईट गुगलवर वर आणायचं. बघू जरा?"

साईट उघडली. वर हे एवढं मोठं गुलाबाचं फूल, खाली 'मैत्री: विश्वासाचं अतूट नातं', आणि त्याखाली हिचा नंबर!

"अगं बाई," आईच्या तोंडून निघालं, "हे दुकान आहे का वधूवर मंडळ?"

"आणि डांगरीला इथं काय म्हटलंय?" धम्मपालनं विचारलं.

"इंडस्ट्रियल वर्कवेअर सोल्युशन्स," मैत्री खालच्या आवाजात म्हणाली.

"घरी असंच म्हणता?"

"छे! डांगरीच म्हणतो."

"मग गिऱ्हाईकही तेच टाईप करतं. माणूस शोधताना जे लिहितो, ते आपल्या पानावर हवं. काय शिवता, कुठं शिवता, सरळ लिहायचं."

मैत्रीनं मग त्याला खरं ते सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर आई मशिनी विकणार आणि मैत्रीनं नागपूरला मामाकडे जायचं, त्यानं बघून ठेवलेल्या नोकरीवर. जय भीमनगरच्या एका खोलीत आईनं पहिली मशीन घेतली तेव्हापासून मैत्री तिच्या आवाजात झोपली होती. तिला नागपूर नको होतं.

दर रविवारी धम्मपाल येऊ लागला. भावाची डांगरी कधीच शिवून झाली होती, पण तो विषय कोण काढतंय! गुलाब गेला. जड फोटो हलके झाले, साईट चटकन उघडू लागली. वर मोठ्या अक्षरात आलं, 'मोशी-चाकण परिसरात डांगरी आणि कंपनी युनिफॉर्म शिवून मिळेल'. खूण गोठ्यातून दुकानावर आली, तेव्हा सोपानराव खट्टू झाले. "आता माज्याशी गप्पा मारायला कोन येनार?"

एक ओळ मात्र मैत्रीनं स्वतःच्या डोक्यानं टाकली : 'महिला कामगारांच्या मापाच्या डांगऱ्या'. कंपनीतल्या पोरी पुरुषांच्या डांगऱ्यांच्या बाह्या दुमडून दुमडून वैतागतात, हे तिला ठाऊक होतं.

"गिऱ्हाइकांना गुगलवर दुकानाबद्दल चार शब्द लिहायला सांग," धम्मपाल म्हणाला. तोवर अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं. "खरे हवेत पण. खोटे नकोत."

"तू लिही ना."

"मी नाही. माझं मत... आता निष्पक्ष राहिलेलं नाही."

असं बोलून हा बाबा चहात बिस्कीट बुडवत बसला! बिस्कीट चहात पडलं तरी त्याला पत्ता नाही.

पण गुगल काही शिट्टी मारली की धावत येत नाही. दसरा गेला. मामानं नागपूरचं तिकीट काढू का विचारलं. त्या रविवारी मैत्रीनं ते धम्मपालला सांगितलं.

"तू गेलीस तर..." धम्मपाल अडखळला.

"तर काय?"

"तर... साईटवरचा नंबर बदलावा लागेल."

नंबर! मैत्रीला इतका राग आला की तिनं त्याला चहाही विचारला नाही.

आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. चाकणच्या एका कारखान्यातल्या मॅडम होत्या. "बायकांच्या मापाची डांगरी शोधून शोधून दमले हो. तुमच्याच साईटवर सापडली. साठ शिवाल? दर वर्षी लागतील."

आईनं स्वतः मामाला फोन लावला. "तिकीट नको, दादा. पोरगी इथंच राहणार."

धम्मपाल मिठाईचा पुडा घेऊन आला, पण तोंड उतरलेलं. "चला... माझं काम संपलं म्हणायचं."

"संपलं?" मैत्री कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुन्हा बघावं लागत नाही?"

"लागतं की. दर महिन्याला. बाकीचे दुकानदार काय झोपलेत?"

"किती दिवस?"

"दुकान चालेल तोवर."

"दुकान मी आता बंद करत नसते."

"मग..." त्यानं श्वास रोखला, सोडला, आणि एकदाचा बोलला. "मग जन्मभर बघावं लागेल."

"साईटकडे?"

"साईटकडेही. मैत्री, मला तू फार आवडतेस. नंबराचं बोललो तेव्हाही हेच बोलायचं होतं... घाबरलो."

"मूर्खा, त्या दिवशी किती रडले मी!" तिचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. "मलाही तू आवडतोस. आता तरी कळलं?"

मशीन केव्हाच थांबली होती. आईनं चष्मा पुसून पुन्हा लावला.

"जावईबापू," ती म्हणाली, "साठ डांगऱ्यांना काजं-बटणं करायची आहेत. बसा इकडे."